‘रायगड : रेड अलर्ट’ म्हणजे कामोठ्यात नेमके काय?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, रायगड-अलिबाग
मा. आयुक्त, पनवेल महानगरपालिका
मा. उपाध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, सिडको
माहितीसाठी : प्रादेशिक हवामान केंद्र, कुलाबा, मुंबई

विषय : अतिवृष्टी, वादळी वारे व उधाणाच्या भरतीचे इशारे कामोठे वसाहतीपर्यंत वेळेत आणि समजतील अशा शब्दांत पोहोचवण्याबाबत.

महोदय,

कामोठ्यातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी आणि गावठाणातल्या काही जुन्या रहिवाशांनी एकत्र बसून हे मागणीपत्र लिहिले आहे. नालेसफाईचे गाऱ्हाणे यात आहेच, ते पुढे येईल. मुख्य विषय मात्र वेगळा आहे. पाऊस येणार हे आम्हाला कळत नाही, अशी आमची तक्रार नाही. उलट पावसाळ्यात दिवसाला दहा वेळा कळते. कळल्यावर करायचे काय, हे मात्र कोणी सांगत नाही.

आधी आमचा पत्ता पाहा. टपालाने आम्ही नवी मुंबई. पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचे. महापालिका पनवेलची, जिल्हा रायगड आणि वसाहत वसवली सिडकोने. हार्बर मार्गावर बेलापूर आणि मानसरोवर यांच्यामध्ये खारघर हे एकच स्थानक आहे. पण तेवढ्या अंतरात ठाणे जिल्हा संपून रायगड सुरू होतो आणि त्याबरोबर इशाऱ्याचा रंगही बदलू शकतो. टीव्हीच्या पट्टीवर ‘ठाणे ऑरेंज, रायगड रेड, नवी मुंबईत मुसळधार’ असे एका ओळीत येते, तेव्हा कामोठ्याच्या माणसाने यातले आपले कोणते धरायचे? आमच्या एका सभेत हा प्रश्न विचारला तर निम्म्या हातांनी ठाणे धरले, निम्म्यांनी रायगड. एक आजोबा म्हणाले, “मी खिडकीतून बघतो.” हसू आले, पण त्यांचीच पद्धत सध्या सगळ्यांत भरवशाची आहे.

बरे, रायगड धरले तरी रायगड केवढा? पंधरा तालुके. माथेरानचा डोंगर त्यात, श्रीवर्धनचा किनारा त्यात, पोलादपूरचा घाट त्यात आणि खाडीकाठचे आमचे कामोठेही त्यातच. या सगळ्याला मिळून एक रंग. हवामान खात्याचा दोष नाही. जिल्हानिहाय इशारा देणे ही त्यांची देशभरची पद्धत आहे आणि रंगांचे अर्थही ठरलेले आहेत : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून ‘जोरदार’, 115.6 पासून ‘अति जोरदार’ आणि 204.4 च्या पुढे ‘अत्यंत जोरदार’ पाऊस, हीही प्रतवारी आहे. पण त्याच इशाऱ्यात ‘तुरळक ठिकाणी’ असे शब्द असतात. वेधशाळेच्या भाषेत तुरळक म्हणजे जिल्ह्यातल्या जास्तीत जास्त पाव भाग केंद्रांवर. आपल्या रोजच्या मराठीत तुरळक म्हणजे किरकोळ, विरळ. ‘तुरळक ठिकाणी अत्यंत जोरदार पाऊस’ हे वाक्य वाचून आमच्यातल्या शिकल्यासवरल्या माणसांनीही ‘म्हणजे विशेष काही नाही’ असा अर्थ काढलेला आम्ही ऐकला आहे. त्यात महसूल खात्याची ‘अतिवृष्टी’ निराळीच. मंडळात 65 मिलिमीटर पाऊस झाला की ती होते, नुकसानभरपाईच्या हिशेबासाठी. कोकणात 65 मिलिमीटर हा जुलैतला साधा दिवस.

लाल रंग लागला आणि कामोठ्यात ऊनही पडले, असे झाले की लोक इशाऱ्याला हसतात. तो खोटा नव्हता. पाऊस माणगावला झाला असेल, नाहीतर कर्जतच्या डोंगरात. अंतर थोडे असले तरी फरक केवढा पडतो, हे आपण 26 जुलै 2005 रोजी पाहिले आहे. सांताक्रूझला त्या दिवशी 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि कुलाब्याला 73. एकाच शहरात. त्या दिवशी कुलाब्यातल्या माणसाला ‘मुंबईत महापूर’ ही बातमी खरी वाटली नसती.

याच जिल्ह्यातली दोन उदाहरणे समोर ठेवतो, कारण आमचे सगळे म्हणणे त्यांत आले आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आदळले. वादळ कुठे येणार, कधी येणार, वारा किती असेल, हे आदल्या दिवसांपासून सांगितले गेले होते आणि कोविडच्या काळातही किनाऱ्यावरच्या हजारो माणसांना आधीच हलवले गेले. घरांची, सुपारीच्या आणि नारळाच्या बागांची धूळधाण झाली, पण जीवितहानी त्या मानाने फार कमी राहिली. तिथे इशाऱ्याला गावाचे नाव होते आणि दारात येऊन सांगणारा माणूस होता. दुसरे उदाहरण 19 जुलै 2023 च्या रात्रीचे. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 जण बेपत्ताच राहिले. जिल्ह्याला त्या दिवशी लाल इशारा होता. वाडी मात्र दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. रंग जिल्ह्यापर्यंत आला आणि वाडीच्या अलीकडे थांबला. कामोठ्याला दरडीचे भय नाही. पण तो रंग आमच्याकडे येतानाही तसाच अलीकडे थांबतो.

आमच्या घराघरांतली मुले आता अमेरिकेत, कॅनडात आहेत. हिवाळ्यात त्यांच्या फोनवर बर्फाच्या वादळाचे इशारे येतात. त्यांनी ते आम्हाला दाखवले तेव्हा हिमवर्षावापेक्षा मजकुराची मांडणी पाहून नवल वाटले : काय होणार, कुठे होणार, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, परिणाम काय आणि तुम्ही काय करावे. पाच ओळी, त्याच क्रमाने, दरवेळी. तिकडे सगळे आलबेल आहे, असे मात्र नाही. डिसेंबर 2022 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरावर भयंकर हिमवादळ आले. इशारा कित्येक दिवस आधी होता, पण गाड्या रस्त्यावर आणण्याची बंदी लागू झाली ती वादळाच्या दिवशी सकाळी साडेनऊला, माणसे कामावर निघून गेल्यानंतर. त्या परिसरात चाळीसहून अधिक माणसे दगावली. ही हकीकत ऐकताना सभेतल्या आयांना बर्फ नाही, शाळेची बस आठवली. आपल्याकडे सुट्टीचा संदेश मोबाइलवर येतो तेव्हा सकाळच्या सत्रातले मूल पोहोचलेले असते, बस रिकामी परत निघालेली असते आणि आई-वडील हार्बरच्या गाडीत कुर्ल्याच्या अलीकडे अडकलेले असतात. मग पोराला आणायला जायचे कोणी? शेजारच्या आजीने, गुडघाभर पाण्यातून.

आता पाण्याविषयी. ही वसाहत खारजमिनीवर उभी आहे. इथल्या आगरी-कोळी घरांतल्या म्हाताऱ्यांना विचारले तर ते बांध कुठे होता, उघाडी कुठे होती, हे आजही बोटाने दाखवतात. उघाडी म्हणजे खारबांधातले दार : ओहोटीला उघडून शेतातले पाणी खाडीत सोडायचे, भरतीला बंद होऊन खाडीचे पाणी शेतात येऊ द्यायचे नाही. आज खाडीकाठच्या नाल्यांच्या तोंडाशी झडपा आणि धारण तलाव असतात, त्यांचे काम हेच. त्यामुळे कामोठ्यात पाणी तुंबणे हे नुसत्या पावसावर ठरत नाही. वरून पडणारा पाऊस, तळोज्याकडून येणारी कासाडी, माथेरानच्या डोंगरातून पनवेलकडे उतरणारी गाढी आणि समोरून चढणारी भरती, यांची वेळ एकत्र आली की पाण्याला जायला वाट राहत नाही. ओहोटीत पडलेले 100 मिलिमीटर निमूट वाहून जातात. तेवढेच उधाणाच्या भरतीत दोन तासांत पडले तर रिक्षा बंद पडतात आणि तळमजल्यावरचे लोक फ्रीज पलंगावर चढवतात. जिल्ह्याच्या इशाऱ्यात पावसाचा आकडा असतो, पण भरतीची वेळ त्याच्या शेजारी लिहिलेली नसते. दोन कागद आहेत आणि ते एकमेकांना कधी भेटत नाहीत.

म्हणून आमची पहिली आणि सगळ्यांत मोठी मागणी : पनवेल महापालिका क्षेत्रासाठी, नोडनिहाय (म्हणजे वसाहतीनिहाय), मराठी आणि हिंदीत, पाच ओळींचा इशारा काढावा. हवामान केंद्राने दिलेला रंग बदलायचा नाही. त्याचा स्थानिक अर्थ लावायचा. नमुना आम्हीच देतो. ‘कामोठे. आज दुपारी एक ते चार जोरदार पावसाची शक्यता, त्याच वेळी भरती. सखल भागातल्या अमुक सेक्टरांत रस्त्यावर पाणी येऊ शकते. बारापूर्वी तळघरातल्या आणि स्टिल्टमधल्या गाड्या हलवा, पाण्याच्या पंपाचा वीजपुरवठा बंद करा. पुढचा संदेश दोन वाजता.’ हे लिहायला वेधशाळेतला शास्त्रज्ञ लागत नाही. रंग, भरतीचे कोष्टक आणि पाणी तुंबण्याच्या जागांची यादी या तीन गोष्टी एका टेबलावर ठेवणारा एक जबाबदार अधिकारी लागतो. मुंबईसाठी 12 जून 2020 पासून ‘आयफ्लोज’ ही पूरइशारा यंत्रणा आहे. पाणी कुठे साचेल याचा 6 ते 72 तास आधी अंदाज देणे हे तिचे काम. तिची हद्द मुंबईपाशी संपते, पाण्याची संपत नाही. ही यंत्रणा पनवेल खाडीपर्यंत वाढवावी, यासाठी महापालिकेने आणि जिल्हा प्रशासनाने केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडे प्रस्ताव पाठवावा. तोवर पाच ओळी पुरतील.

कायदा याच्या आड येत नाही, उलट बाजूने आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम 2005 चे कलम 30 लोकांना आगाऊ इशारे पोहोचवण्याची यंत्रणा उभारणे आणि ती सुधारत राहणे हे जिल्हा प्राधिकरणाचे काम मानते. कलम 41 स्थानिक संस्थेवर जबाबदारी टाकते. 2025 च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी वेगळे नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमण्याची मुभा राज्य शासनाला मिळाली आहे. पनवेल महापालिका 1 ऑक्टोबर 2016 पासून आहे. अलिबागहून पंधरा तालुके सांभाळणाऱ्या कक्षाने कामोठ्याच्या सेक्टरांचाही विचार करावा, ही अपेक्षा अवाजवी आहे हे आम्हालाही समजते. म्हणूनच पनवेलसाठी असे प्राधिकरण नेमावे, अशी शिफारस आपण तिघांनी शासनाकडे करावी.

इशारा पोहोचणार कसा, यावर सभेत सर्वाधिक वाद झाला. तरुणांचे म्हणणे मोबाइल. 2023 मध्ये सगळ्यांच्या फोनवर कर्कश भोंगा वाजून चाचणीचा संदेश आला होता, तो आठवत असेल. ठरावीक टॉवरच्या परिसरापुरता असा संदेश पाठवता येतो. तो जपून वापरावा, फक्त जिवाला धोका असेल तेव्हा. रोज वाजला तर लोक तोही बंद करून ठेवतील. पण आमच्या इमारतींचे वॉचमन, घरकाम करणाऱ्या बाया, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांत राहणारे मजूर यांचे काय? पाणी सर्वांत आधी त्यांच्याच पायाशी येते. यावर एका ताईंनी सुचवले ते आम्हाला फार पटले : घंटागाडी. ती रोज सकाळी प्रत्येक गल्लीत येते, तिच्यावर भोंगा आहे आणि तिचा आवाज ऐकून माणसे आपणहून खाली उतरतात. लाल किंवा नारिंगी दिवशी त्याच भोंग्यावर गाण्याऐवजी पाच ओळी वाजवाव्यात. यापेक्षा स्वस्त उपाय आम्हाला सुचला नाही. शिवाय गावठाणातली आणि जुई गावातली देवळे, मशिदी, बुद्धविहार यांच्या विश्वस्तांशी आधी बोलून ठेवावे, रात्रीच्या वेळी त्यांचे ध्वनिक्षेपक कामी येतील.

शाळांच्या सुट्टीचा निर्णय आदल्या रात्री नऊपर्यंत जाहीर व्हावा. पहाटे परिस्थिती बदललीच तर शेवटची वेळ साडेपाच. त्यानंतर सुट्टी देऊ नये. त्याऐवजी ‘आलेली मुले शाळेतच थांबवा, पालक येईपर्यंत सोडू नका’ असा आदेश असावा. सुट्टी दिली आणि पाऊस पडलाच नाही, तर आम्ही पालक आरडाओरडा करणार नाही, असे लिहून देतो. (दोन सभासदांनी यावर सही करायला खळखळ केली, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.)

वाऱ्याकडे अजून कोणी गंभीरपणे पाहत नाही. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला पावसाळा लागण्याआधीच्या वादळी वाऱ्यात महाकाय जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला, 17 जणांचा जीव गेला. शीव-पनवेल महामार्गावरून जाताना फलक मोजा. वसाहतीतले फलक, मोबाइलचे मनोरे, गच्चीवरचे पत्र्याचे छप्पर, गुलमोहर आणि सोनमोहराच्या वाकलेल्या फांद्या यांची तपासणी मेच्या पहिल्या आठवड्यात संपवून प्रत्येक फलकावर तपासणीची तारीख रंगवावी. गच्चीवरचे पत्रे आमचेच आहेत, ते आम्ही बघू.

कामांच्या मुदतीही बदलायला हव्यात. नालेसफाई आणि रस्त्याची खोदाई 31 मेपर्यंत, ही सवय मुंबईत मोसमी पाऊस 11 जूनच्या सुमारास येतो या हिशेबावर बसली आहे. 2025 साली तो 26 मे रोजीच आला, नोंदी ठेवायला लागल्यापासून सर्वांत लवकर. सगळी पावसाळापूर्व कामे 15 मेला संपावीत. काढलेला गाळ नाल्याच्या काठावर ठेवून पहिल्या सरीने पुन्हा आत ढकलण्याचा प्रकार आता तरी थांबावा. यावर जास्त लिहायला नको.

कामोठ्याची गटारे तासाला किती मिलिमीटर पाऊस वाहून नेण्यासाठी बांधली आहेत, तो एक आकडा आम्हाला हवा आहे. मुंबईतली जुनी गटारे तासाला 25 मिलिमीटरसाठी होती. 1993 च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ते 50 वर न्यायला सांगितले, हे मुंबईकराला ठाऊक आहे. आम्हाला आमचे ठाऊक नाही. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ या चोवीस तासांच्या बेरजेने काही कळत नाही. तुंबते ते तासाच्या पावसाने. म्हणून कामोठ्यात स्वयंचलित पर्जन्यमापक बसवून दर पंधरा मिनिटांचा आकडा रहिवाशांना दिसेल, असे करावे. शेजारच्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन झाले. मोठ्या विमानतळांवर वाऱ्याची आणि पावसाची नोंद थोड्या थोड्या वेळाने होतच असते. ती पनवेल महापालिकेच्या नियंत्रण कक्षातल्या पडद्यावरही दिसावी. विमानाला कळणारा वारा खाडीपलीकडच्या माणसाला कळायला काय हरकत आहे?

पनवेल खाडीसाठी भरतीचे वेगळे कोष्टक जूनपूर्वी छापावे. मुंबईच्या अपोलो बंदराच्या वेळा खाडीच्या टोकाला जशाच्या तशा लागू होत नाहीत. झडपांची आणि पंपांची स्थिती त्याच कोष्टकाबरोबर दर पंधरवड्याला फलकावर लावावी. झडप उघडी राहिली की काय होते, हे आमच्या खारबांधवाल्या म्हाताऱ्यांना विचारा. खांड गेली, म्हणजे बांध फुटला, की हंगाम गेला, असे ते सांगतात.

आणखी एक, छोटी. इशारा संपल्याचे कोणी सांगत नाही. ‘धोका टळला’ असा संदेश यावा आणि मोठ्या पावसानंतर आठवड्याच्या आत एका पानाचा हिशेब : सांगितले काय होते, पडले किती, पाणी कुठे कुठे आणि किती वेळ उभे राहिले. अंदाज चुकला तर चुकला म्हणावे, आमचा विश्वास त्याने वाढेल.

मागण्या मांडून आम्ही मोकळे होत नाही. प्रत्येक संस्था दोन माणसांची नावे देईल, इशारा आला की ती जिन्याजिन्यांतून जाऊन सांगतील. एकटे राहणारे वृद्ध, गर्भवती, डायलिसिसचे रुग्ण यांची यादी अध्यक्षांकडे राहील, बाहेर जाणार नाही. मीटरच्या पेट्या आणि पंप जमिनीपासून वर उचलण्याचा खर्च संस्था करतील. पाणी वाढले की लिफ्ट बंद करायची आणि ती कोणी करायची, हे लिहून जिन्यात लावू. जुन्या पुराच्या चित्रफिती ‘आत्ताचे कामोठे’ म्हणून फिरवणाऱ्या सभासदाला समूहातून काढू, मग तो खजिनदार का असेना.

हे पत्र पोहोचल्यापासून तीस दिवसांत लेखी उत्तर मिळावे. रस्ता कोणाचा, नाला कोणाचा, झडप कोणाची आणि विजेचा खांब कोणाचा, याचा तक्ता त्या उत्तरासोबत जोडावा. हद्दीच्या प्रश्नावर पावसात उभे राहून वाद घालण्याची आमची तयारी नाही. त्यानंतर तिन्ही कार्यालयांच्या अधिकाऱ्यांनी आमच्यासोबत वसाहतीची पाहणी करावी. पाहणीचा दिवस उधाणाचा आणि वेळ भरतीची असावी, कारण ओहोटीला सगळेच नाले नीट वाहतात. तारीख आम्ही कोष्टक पाहून कळवू. गमबूट आणावेत.

आपले,
कामोठे वसाहतीतील सहकारी गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी आणि रहिवासी